धामणीला विष नसतं

३ मे

ही वही दुकानाची नाही. दुकानाच्या रजिस्टरात मोटर कोणाची, टर्न किती, तार कोणत्या गेजची, एवढंच असतं. ही फक्त धामणीची. रुपाली म्हणाली, जेवताना धामण, निजताना धामण, आता वहीत लिहा अन् मले मोकळं करा. बायकोचं कधीतरी ऐकावं.

शाळेतल्या पोरांसाठी एक लहान पुस्तक काढायचं डोक्यात आहे. त्यात लेखकाची ओळख लागतेच, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. चंद्रशेखर, वय बेचाळीस, वरवट बकाल. धंदा मोटर रिवायंडिंग. चौदा वर्षांपासून साप पकडतो. आजवर एकदाही चावून घेतला नाही. शेवटचं वाक्य पुस्तकात घालू नये म्हणते रुपाली, फुशारकी वाटते. खरं आहे ते आहे.

दुकानामागे जळक्या स्टार्टरच्या पेट्या पडल्यात, त्यांच्याखाली एक मादी राहते. सात फुटांच्या खाली नाही. ती आल्यापासून उंदरांनी एकही कॉइल कुरतडली नाही. आज दुपारी तिला उंदीर खाताना पाहिलं. लोकांना वाटतं अजगरासारखी आवळून मारते. नाही. अंगाखाली दाबून धरते आणि जिवंतच गिळते. पंधरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं हाका मारून निघून गेली. गेली तर गेली.

८ मे

आज दीपकच्या शेतातल्या घरी गेलो होतो. नाल्यापलीकडे घर, मागे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, मोठी गंजी, चुलीसाठी वर्षभराची. गंजीत दोन धामणी आहेत. दोन वर्षांपूर्वी हाच दीपक काठी घेऊन धावायचा. आता धामण दिसली की मला फोटो पाठवतो आणि आल्यागेल्याला सांगतो की शेखरभाऊनं सांगतलं, धामण म्हणजे शेतातला फुकटातला गडी. चेला चांगला तयार झाला.

वंदना मात्र तयार नाही. दीपकची बायको, माहेर नांदुऱ्याचं, बाजारपेठेत वाढलेली. मला म्हणाली, "भाऊजी, तुमाले काय हाय. तुमी महिन्यातून एक डाव येता. मले रोज त्या गंजीत हात घालून पऱ्हाटी काढा लागते."

मग मी तिला अर्धा तास पाठ शिकवला. एक धामण शेपटीकडून उचलली. ती गुरगुरली, मान फुगवली, वंदना ओट्यावर चढली. मी माझा हात धामणीच्या तोंडाशी नेला आणि चावून घेतलं. (वर लिहिलं ते आता खोडावं लागेल. पण मुद्दाम चावून घेतलेलं धरत नसतात.) बारीक ओरखड्यांची ओळ उठली, थोडं रक्त. साबणानं धुतलं, झालं. त्यांच्या पाच वर्षांच्या छकुलीनं धामणीच्या पाठीवरून हात फिरवला. शेवटी वंदनानंही एक बोट लावलं आणि म्हणाली, थंड लागते. मला फार बरं वाटलं. दीपक हसत होता. चहा झाला.

१७ मे

नाल्याच्या काठी दोन धामणींचं युद्ध. सकाळी नऊपासून पावणेदहापर्यंत. दोघंही नर. एकमेकांना पीळ घालून कमरेएवढे उभे होतात आणि दुसऱ्याचं डोकं खाली दाबतात. चावत नाहीत. जो हरला तो निघून जातो. माणसांनी शिकण्यासारखं आहे.

पण तिथे जत्रा भरलेली. कोणी नवा पांढरा रुमाल टाकायला आणलेला, कोणी नारळ. किसनराव, आमच्या गावातले जुने जाणते, गळ्यात टॉवेल घालून सगळ्यांना सांगत होते की नाग आणि धामणीचं लगन लागून राह्यलं, कापड टाका, घरात बरकत येते. मी म्हटलं, किसनबाबा, दोनी गडी हायत. लोक खो खो हसले. किसनराव चिडले. त्यांच्या मते जगातली प्रत्येक धामण ही नागाची बायको. मी त्यांना विचारलं, मग धामणीचे नर कोणाशी लगन लावतात? ते टॉवेल झटकून निघून गेले.

रुमाल कोणी टाकला नाही. गावात आता माझा शब्द चालतो. चौदा वर्षं लागली त्याला.

२६ मे, सोमवार

आज अवस, म्हणजे अमावास्या. औत बंद, म्हणून ज्याला त्याला मोटर आठवली. सकाळपासून सात मोटरी आल्या. दोन्ही हात वार्निशनं भरलेले. अकराच्या सुमारास दीपकचा फोटो आला. गंजीत शिरलेला साप, मधलं अंग तेवढं दिसतं, पिवळट तपकिरी. बोटाच्या पेरानं व्हॉइस दाबून पाठवला: "धामण हाय बे ती तुही. वळखत नाही का अजून? राहू दे."

संध्याकाळी साडेसहाला त्याचा फोन. वंदना चुलीसाठी पऱ्हाटी काढत होती, बोटाला चावली. त्यानं विचारलं, दवाखान्यात नेऊ का? मी विचारलं, सकाळचीच ना? हाव म्हणाला. मी सांगितलं, साबणानं धुवा, उद्या टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन टाका. एवढ्यासाठी गाडी करून तालुक्याला पळू नका. लोक हसतील.

सव्वासातला परत फोन. तिला उलटी झाली, डोळे जड पडलेत, पापण्या उघडत नाहीत म्हणते. मी म्हटलं, भीतीनं होतं. असं शंभरदा पाहिलंय मी. बिनविषारी साप चावून भीतीनं बेशुद्ध पडलेली माणसं पाहिलीत. साखरेचं पाणी द्या, निजू द्या.

रुपाली पोळ्या करत होती. म्हणाली, जाऊन पाह्यता का? म्हटलं, उद्या जातो. दीपक भलताच घाबरट आहे. दोन वर्षं शिकवून काय उपयोग.

२८ मे

वंदना गेली.

परवा पावणेनऊला तिचा श्वास लागला, तेव्हा दीपकनं शेजाऱ्याची गाडी काढली. दवाखाना यायच्या आधी गाडीतच गेली. काल दुपारी माती झाली.

मी गेलो होतो. तिच्या हाताला हळद भरलेली होती, बोट नीट दिसलं नाही. मी नीट पाहिलंही नाही. तिचे वडील पंजाबराव नांदुऱ्याहून आले होते. छकुली शेजारच्या घरी होती.

काय झालं असेल? नाजूक जीव होता. हृदय अशक्त असेल. त्या दिवशी तिचा उपासही होता म्हणतात, उपाशी पोटी धक्का बसतो. किंवा सकाळी फोटोतली धामणच होती आणि संध्याकाळी दुसरं काहीतरी आलं. गंजीत विंचूही असतात. सकाळच्या फोटोवरून संध्याकाळचं मी कसं सांगणार? कोणीच सांगू शकत नाही.

काल मातीवरून आल्यावर तो व्हॉइस डिलीट केला. दोघांच्याही फोनवरून जातो तसा. का केला ते सांगता येत नाही. हातात फोन होता.

रुपाली ताट वाढून ठेवते आणि बाहेर जाऊन बसते.

४ जून

आज दहावा. नाल्यावर.

पिंड ठेवल्यावर लोक सावलीत बसले. विषय निघणारच होता. कोणीतरी म्हणालं, धामणीनं माणूस मरते हे पह्यल्यांदा अयकलं. किसनराव म्हणाले, अवसेले धामणीले इख चढते. आमचा बाप सांगे. त्यात सोमवारची अवस. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पंजाबराव समोर बसले होते, दीपक त्यांच्यापासून दूर, मुंडण केलेला.

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "कधीकधी सांगता येत नाही. अवसेचं जुने लोक म्हणतात त्यात काही असंलही."

किसनरावांनी मान हलवली. मागच्या महिन्यात लोकांसमोर त्यांचं हसं केलं होतं, ते त्यांनी मोठ्या मनानं सोडून दिलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चौदा वर्षं मी काय बोंबलत होतो आणि काय बोललो. पण त्या वेळी दुसरं काय म्हणणार होतो? धामणीला विष नसतं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न हाच की मग कशानं मेली. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. खरंच नाही.

९ जून

पाच दिवसांत अकरा धामणी मारल्या. हे मला कळलेले आकडे. नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर लोंबत ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्या म्हणून.

आज माझ्या दुकानामागची. मी बसस्टँडवर तार आणायला गेलो होतो. आलो तर पेट्या उलट्यापालट्या आणि सातआठ जण. ती पळाली नाही, कारण खाली अंडी होती. एरवी धामणीएवढं चपळ काही नाही, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दिसेनाशी होते. अंड्यांवरची मादी मात्र बसून राहते. हे पुस्तकात लिहायचं होतं.

मला म्हणाले, शेखरभाऊ, मोजून सांगा, रेकॉर्ड असंल. मी दुकानातला टेप आणला. सात फूट तीन इंच. अंडी तेरा. पांढरी, चिवट कातड्याची, तीनचार एकमेकांना चिकटलेली. त्यांच्यातल्या एकानं चपलेनं ती दाबली. मी टेप गुंडाळला आणि आत येऊन बसलो. कोणी मला मारत नव्हतं, कोणी धमकावत नव्हतं. एक शब्द बोललो असतो तर थांबलेही असते. मी त्यांना पाणी विचारलं.

११ जून

कॉइल कुरतडलेली. दोन.

१५ जून

पंजाबरावांनी तक्रार दिली. त्यांचं म्हणणं, दीपकनं मुद्दाम दोन तास बायकोला घरात ठेवलं, मरायची वाट पाहिली. दीपक पोलिसांना म्हणाला, शेखरभाऊनं सांगितलं म्हणून थांबलो. ते विचारायला हवालदार दुकानात आले. नाव धम्मरत्न, नवीन बदली होऊन आलेले, चांगले माणूस वाटले. खुर्ची दिली.

त्यांनी विचारलं, फोन आला होता? म्हटलं, आला होता, दोनदा. मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय सांगितलं?

मी म्हणालो, "साबणानं धुवा आणि दवाखान्यात न्या, असं सांगितलं."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

असंच म्हणालो असेन. गावात लावलेल्या माझ्या पाट्यांवर तेच आहे, शाळेत तेच सांगतो, साप कोणताही असो, आधी दवाखाना. चौदा वर्षं हेच सांगितलं. त्या एकट्याच दिवशी वेगळं कसं सांगेन? दीपकला घाबरल्यात ऐकू आलं नसेल.

हवालदार गेल्यावर रुपाली आतून आली. म्हणाली, "मी तेथीच होती. पोया करून राह्यली होती." एवढंच बोलून परत आत गेली.

१७ जून

पंजाबराव छकुलीला नांदुऱ्याला घेऊन गेले. दीपकनं अडवलं तर म्हणाले, ज्यानं बायको मरू दिली त्याच्याजवळ पोरगी ठेवत नसतो. चार माणसं बरोबर होती. आता माझ्या जबाबानंतर दीपकची बाजू कोणी घेत नाही. गाव म्हणतं, शेखर दवाखान्यात ने म्हणाला होता, यानं नेलं नाही. म्हणजे काहीतरी असेलच.

छकुली रडत नव्हती म्हणे. आजोबांनी तिला सांगितलंय की तुह्या बापानं तुह्या आईले दवाखान्यात नेलं नाही. ती दीपककडे बघतही नव्हती.

संध्याकाळी दीपक दुकानात आला. मी वायंडिंग मशीनवर होतो. तो उभाच राहिला. मग म्हणाला, "शेखरभाऊ, तो मेसेज कोठी गेला?"

मी म्हणालो, "कोणता?"

मी तार ओढत राहिलो. तो म्हणाला, ठीक हाय. आणि गेला.

१८ जून

टर्न चुकले. सगळी कॉइल परत काढली. परत चुकले.

२१ जून

दीपककडे आज गंजी हलवायची होती, गोठ्यातल्या सपरात, म्हणजे छपराखाली. उंदीर इतके झालेत की पऱ्हाटी उचलली की पायावरून पळतात. खालून फुस्स आवाज आला. मजूर पळाले आणि मला बोलावलं. दीपकनं नाही बोलावलं, किसनरावांनी. साप म्हटलं की अजूनही मीच.

नाग होता. साडेचार फूट. पिवळट तपकिरी. फणा न काढता पडला होता तेव्हा अंग दिसलं फक्त. सकाळचं तेच ऊन, तीच गंजी. मी हातात साप पकडायची आकडी घेऊन उभा राहिलो.

त्याला पिशवीत घेतलं. मग खिशातून फोन काढला. माझा आवाज मी डिलीट केला होता, दीपकचा फोटो नाही. सव्वीस तारखेपासून तो मी एकदाही उघडला नव्हता. उघडला, मोठा केला. धामणीच्या पाठीवर मागच्या भागात खवल्यांना काळ्या कडा असतात, जाळी पडल्यासारख्या. शाळेतल्या पोरांना हे पहिलंच सांगतो मी. फोटोत एकही काळी कड नाही. साफ अंग. तीन सेकंद नीट पाहिलं असतं तरी दिसलं असतं. मी तीन सेकंदही पाहिलं नव्हतं. सात मोटरी होत्या.

दीपक ओट्यावर बसला होता. त्यानं विचारलं, "हाच होता?"

मी म्हणालो, "हाव."

"तवाबी हाच होता."

"हाव."

बाकी लोक लांब होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मला वाटलं आता तो उठेल, आकडी हातातून घेईल आणि माझं डोकं फोडेल. फोडलं असतं तर बरं झालं असतं. तो बसूनच राहिला. मी बोलायला लागलो, वार्निश, मोटरी, अवस, काय काय. तो म्हणाला, "मले नोको सांगू. मले मालूम हाय. माह्या सासऱ्याले सांग. माही पोरगी तेथी हाय."

नाग सातपुड्याकडे दूर सोडून आलो. त्याचा काय दोष.

२२ जून

आज जाणार होतो. गेलो नाही. दुकान उघडलं, बंद केलं. गाव मला काय करेल ते मनात येतं. मग छकुली येते मनात. मग परत गाव. रुपालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मले काय सांगता, मले तं पह्यल्या दिवसापासून ठाव हाय. मी विचारलं, मग बोलली काऊन नाही? म्हणाली, तुमीच बोलसान म्हणून वाट पाहून राह्यली होती.

२४ जून

काल नांदुऱ्याला गेलो. पंजाबरावांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. त्यांनी बस म्हटलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. फोटो दाखवला. व्हॉइसमध्ये काय बोललो ते सांगितलं, तो पुसला ते सांगितलं, दवाखान्यात ने असं मी म्हणालो नव्हतो, उलट नेऊ नको म्हणालो होतो, हे सांगितलं.

मग ते म्हणाले, "दहाव्याले तू सांगतलं, धामणीले अवसेले इख येते. पोलिसाईले सांगतलं, दवाखान्यात ने म्हणलो होतो. आज सांगून राह्यला, नाग होता अन् मीच नाही म्हणलो होतो. आता यातलं कोणतं धरू?"

मी म्हटलं, हे आजचं.

ते म्हणाले, "दीपकनं पाठवलं तुले." मी नाही म्हटलं. म्हणजे हो, पण तसं नाही. माझं मलाच ते ऐकताना खोटं वाटत होतं. ते म्हणाले, तुह्यावर इस्वास ठेवून माही पोरगी गेली. आता मीबी ठेवू म्हणतं का?

मी जायला वळलो. दारात छकुली उभी होती. केव्हापासून, ठाऊक नाही. अंगात नवा फ्रॉक, केसांना तेल. तिनं मला ओळखलं. गेल्या महिन्यात मी धरलेल्या धामणीच्या पाठीवरून हिनं हात फिरवला होता.

ती म्हणाली, "बाबानं आईले काऊन नाही नेलं?"

मी खाली बसलो. म्हणालो, "तो नेत होता. त्यानं मले इचारलं, नेऊ का. मी नोको म्हणलो."

"काऊन?"

सापांबद्दल मला कोणीही काहीही विचारलं की माझ्या तोंडात उत्तर तयार असतं. साप ऐकतो का, दूध पितो का, डूक धरतो का. पाचपन्नास शाळांमध्ये सांगून आलोय. ती वाट पाहत होती. तिनं परत विचारलं, काऊन? मी म्हणालो, मले वाटलं मले सगळं समजते. तिला ते कळलं नसावं. ती आजोबांकडे पाहायला लागली. पंजाबरावांनी तोंडावर टॉवेल धरला होता.

टॉवेल खाली घेऊन ते म्हणाले, पोरीसमोर कोणी एवढं खोटं बोलत नाही. हे पोलिसात लिहून दे. लिहून दिल्याचं कळलं की मी स्वतः तिला तिच्या बापाकडं आणून सोडतो. आधी नाही.

२५ जून

आज पोलिसात गेलो. पुन्हा अवसच आहे, कॅलेंडरवर बघून कळलं. रुपाली बरोबर आली, बाहेर बाकावर बसली.

हवालदार धम्मरत्न यांनी जुना जबाब काढला. मी म्हटलं, हा खोटा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, विचार करून बोला, यात तुम्हीच अडकाल. म्हटलं, करूनच आलो. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि एकेक विचारत गेले. साप कोणता? नाग. दीपकनं काय विचारलं? दवाखान्यात नेऊ का. तुम्ही काय म्हणालात? नेऊ नको. फोटो पाहून काय सांगितलं? धामण.

मग त्यांनी विचारलं, "नाग होता हे तुम्हाला कधी कळलं?"

मी एकवीस जून म्हणणार होतो. गंजी हलवली तो दिवस. या वहीतही तसंच आहे. तोंडात शब्द आला होता.

पण मी सांगितलं की सव्वीस मेला, संध्याकाळी सव्वासातला. दीपक म्हणाला की तिच्या पापण्या उघडत नाहीत, तेव्हाच. पापण्या पडतात त्या नागाच्या विषानं, हे मी चौदा वर्षं लोकांना शिकवतो. भीतीनं पापण्या पडत नाहीत. कानाशी फोन होता आणि मला समजलं होतं. फक्त नाग आहे, पळा, एवढं म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर सकाळचं चुकलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि संध्याकाळी साडेसहाचंही. वाटलं, एवढ्यात काही होत नाही, पुढचा फोन येईल, बरं आहे म्हणून. मी पोळी खाल्ली. मग वही काढली आणि लिहिलं, दीपक भलताच घाबरट आहे.

हवालदारांनी पेन थांबवलं. विचारलं, तेव्हा नेलं असतं तर? मी म्हटलं, बहुतेक वाचली असती. दीड तास हातात होता.

त्यांनी तेही लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मी खाली सही केली. बाहेर आलो तर रुपालीनं विचारलं, झालं का? मी हो म्हणालो. ही वही उद्या त्यांच्याकडे जमा करायची आहे.